मॉडेलचे सत्तर हजार, मग बाकीचे दोन लाख सत्तर हजार कशाचे?

पत्र : आम्ही येवल्याचे. घरात तीन हातमाग आहेत. सासरे आणि मिस्टर विणतात, मी फोनवरून आणि इन्स्टाग्रामवरून विक्री बघते. मोसमात महिन्याला तीस-पस्तीस पैठण्या जातात आणि एका साडीमागे सरासरी अडीच हजार हातात राहतात. या दिवाळीसाठी आजी, आई आणि नात अशा तीन पिढ्या दाखवणारा दोन मिनिटांचा व्हिडिओ करून घ्यायचा मनात आहे. बारा साड्या त्यात याव्यात. मुंबईच्या एका स्टुडिओने ३,४०,००० रुपये अधिक जीएसटी असं कोटेशन दिलंय. त्यात दोन मॉडेल्सचे ७०,००० आहेत. नातीसाठी शेजारची आठ वर्षांची मुलगी घेऊ म्हणतोय. नाशिकचा एक मुलगा हेच काम ६५,००० मध्ये करतो म्हणतो. दीर म्हणतात, मुंबईवाले लुटतायत, दोन मिनिटांच्या व्हिडिओला कोण एवढे देतं? मला कळत नाही की मॉडेलचे सत्तर हजार सोडले तर बाकीचे पैसे जातात कुठे. आणि एकदा पैसे दिले की तो व्हिडिओ कायमचा आमचाच ना?
– एक वाचक, येवला

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही कोटेशनचा फोटो पाठवलात ते बरं केलंत, त्यामुळे मोघम बोलावं लागणार नाही. जाहिरातींच्या चित्रीकरणाचा हिशोब सांभाळण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय. मी तुमचा कागद ओळ न् ओळ वाचला. त्यात मला लूट दिसली नाही. पण हा व्हिडिओ या आकड्याला तुम्ही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते सांगते.

आधी दिरांच्या प्रश्नाचं. दोन मिनिटं ही व्हिडिओची लांबी झाली, त्याची किंमत लांबीवर ठरत नाही. तुमच्याकडे एखादी गिऱ्हाईक येते आणि सांगते, पदरावर माझ्या मुलीचं नाव आणि आमच्या घराण्याचं चिन्ह विणून द्या. तेव्हा वेगळा आलेख काढावा लागतो, तेवढ्यासाठी माग अडकून पडतो, आणि ती साडी दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. सगळा भार त्या एका साडीवर येतो. फर्माइशी व्हिडिओचं असंच आहे. इंटरनेटवर साडी नेसलेल्या बाईची तयार चित्रफीत काही हजारांत मिळते, कारण तिच्या चित्रीकरणाचा खर्च ती घेणाऱ्या शेकडो जणांत वाटला जातो. तुमच्या व्हिडिओत तुमच्या साड्या, तुमचं नाव, तुमची गोष्ट. तो दुसऱ्या कुणाच्याच कामाचा नाही. म्हणून त्या दिवसाचा सगळा खर्च तुमच्या एकट्याच्या डोक्यावर.

आणि हा ‘दिवस’ हेच त्या कोटेशनचं खरं माप आहे. कॅमेरा दिवसाच्या भाड्याने येतो आणि भाड्याने देणारा सोबत आपला अटेंडंट पाठवतो. लाइट्स येतात त्यांच्यासोबत लाइटमन येतात. मेकअपवाली, केस करणारी, साडी नेसवणारी, डीओपी म्हणजे मुख्य छायाचित्रकार, असिस्टंट, सेटवर पडेल ते काम करणारे स्पॉटदादा, सगळे दिवसावर. मुंबईत शिफ्ट सहसा बारा तासांची धरतात, पुढे गेलात की जादा आकार सुरू होतो. मॉडेल मेकअपच्या खुर्चीत बसली असेल तेव्हाही या सगळ्यांचं मीटर चालू असतं.

आता तुमच्या बारा साड्या घेऊ. एक पैठणी उतरवायची, घडी घालून ठेवायची, दुसरी नेसवायची, निऱ्या चापूनचोपून बसवायच्या, पदर पिन करायचा, दागिने बदलायचे, केसांची जरा तरी फिरवाफिरव करायची. नेसवणारी कितीही हाताला चलाख असली तरी एका बदलाला पस्तीस मिनिटं धरा. कोटेशनमध्ये साडी नेसवणारी एकच आहे. बारा बदलांचे झाले सात तास. बारा तासांच्या शिफ्टमधून हे सात तास वजा करा. सकाळचा पहिला मेकअप आणि लाइट लावणं यात दोन-अडीच तास जातात, जेवणाचा एक तास. राहिला दीड-दोन तास. तेवढ्यात तीन पिढ्यांची गोष्ट चित्रित होत नाही. म्हणजे हे कोटेशन एका दिवसाचं असलं तरी काम दोन दिवसांचं आहे, आणि दुसऱ्या दिवसाचा खर्च चित्रीकरणाच्या संध्याकाळी तुमच्यासमोर आला असता. त्यांनी मुद्दाम लपवलं असं मी म्हणत नाही, बहुधा कुणी बसून हे गणित केलंच नाही. तुम्ही करा. साड्या पाचवर आणल्यात तर बदलांचे तीनच तास होतात आणि दिवस मोकळा श्वास घेतो.

मॉडेलच्या पैशांकडे येते, कारण तुमचा सगळा रोख तिकडे आहे. एकूण ३,४०,००० मध्ये दोघींचे ७०,०००, म्हणजे साधारण पाचवा हिस्सा. एकीचे ३५,००० म्हटले की डोळे विस्फारतात, ते मी समजू शकते. तुमच्या घरात तेवढ्या पैशासाठी किती साड्या विणाव्या लागतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पण ते ३५,००० एका दिवसाचे नाहीत. आधी एक दिवस लूक टेस्ट आणि ब्लाउजचं फिटिंग. चित्रीकरणासाठी मुंबईहून नाशिककडे यायचं, म्हणजे आदल्या दिवशी निघणं आणि दुसऱ्या दिवशी परतणं. त्यातून काम आणून देणाऱ्या कोऑर्डिनेटरचं कमिशन आणि टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा कर, जातो. उरलेले पैसे या व्यवसायात हातात पडायला दोन-तीन महिने लागणं ही नेहमीची गोष्ट आहे. अंधेरी-वर्सोव्याच्या आराम नगरात या मुली ऑडिशनच्या रांगेत उभ्या असतात, त्या दिवसांचे कुणी पैसे देत नाही. दहा ठिकाणी जायचं, एक काम मिळायचं, आणि त्या एकावर बाकीचे दिवस काढायचे. त्यामुळे घासाघीस करायचीच असेल तर ती मॉडेलच्या ओळीत करू नका. तिथे हजार-दोन हजार कापून तुमचं कोटेशन हलत नाही, त्या मुलीचं मात्र हलतं.

या ३५,००० मध्ये आणखी एक गोष्ट असते, ती कागदावर बारीक अक्षरात आहे : ‘डिजिटल, १ वर्ष’. तुमचा दुसरा प्रश्न इथेच अडकलाय. मॉडेल तिचा वेळ देते आणि तिचा चेहरा वापरायची परवानगी देते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एक वर्ष, याचा एक दर. तेच दृश्य तुम्ही येवला-मनमाड रस्त्यावरच्या होर्डिंगवर लावलंत, वर्तमानपत्रात दिलंत, साडीच्या खोक्यावर छापलंत, तर त्याचे वेगळे पैसे. कायमचे, सगळीकडचे हक्क एकदम घ्यायचे तर त्याला बायआउट म्हणतात आणि तो बराच महाग असतो. यात अन्याय काही नाही. तिचा चेहरा वर्षानुवर्षं एका पैठणीवालीचा म्हणून दिसत राहिला तर दुसरा साडीवाला तिला घेणार नाही. ‘ती दुसऱ्या कुणाची पैठणी नेसणार नाही’ अशी अट तुम्ही घातलीत तर तेवढ्या बुडालेल्या कामाची भरपाई तुम्हीच द्यायची.

दुसऱ्याचा चेहरा परवानगीबाहेर वापरला तर काय होतं, याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. अमिताभ आणि जया बच्चन यांनी तनिष्कसाठी केलेल्या जाहिरातीतली छबी एका सराफाने स्वतःच्या होर्डिंगवर लावली. टायटन कंपनी न्यायालयात गेली आणि २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सराफाला मनाई केली. तुमची मॉडेल बच्चन नाही. पण आपल्या चेहऱ्याचा व्यापारी वापर कुणी करावा हे ठरवणं तिच्याकडेच असावं, हे मला तितकंच महत्त्वाचं वाटतं.

मग व्हिडिओ कुणाचा? कायदा इथे तुमच्या बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की मोबदला देऊन कुणी चित्रपट करवून घेतला, आणि उलट काही करार नसेल, तर त्याचा पहिला मालक करवून घेणारा असतो. व्हिडिओही त्यात आला. पण ‘उलट करार नसेल तर’ हे शब्द नीट वाचा. तुमच्या कोटेशनच्या दुसऱ्या पानावर सातवी अट आहे : न वापरलेलं सगळं चित्रीकरण स्टुडिओच्या मालकीचं राहील. हाच तो उलट करार. पुढच्या वर्षी त्यातलेच पाच तुकडे घेऊन नवी जाहिरात करावीशी वाटली तर तुम्हाला पुन्हा पैसे मोजावे लागतील. ती अट काढायला सांगा, किंवा सगळं मूळ चित्रीकरण हार्डडिस्कवर हवं असेल तर त्याचे किती, ते आत्ताच लिहून घ्या. नंतर मागितलं की दर दुप्पट ऐकू येतो.

मॉडेलची लेखी संमती तुमच्या नावाने हवी, नुसती स्टुडिओच्या नावाने नको. स्टुडिओ उद्या बंद पडला तर तुमच्या हातात काय राहील? त्या कागदावर माध्यमं, मुदत, देश आणि मुदत संपल्यावर नूतनीकरणाचा दर, हे सगळं हवं. फोटो किंवा संगीताचे हक्क कुणाकडून लिहून घेत असाल तर आणखी जपा. कॉपीराइट हस्तांतरणाच्या कागदात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तुमच्या साड्या न्यू जर्सीच्या बायकाही मागवतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून ‘जगभर’ हा शब्द विसरू नका.

संगीतावरून आठवलं. तुम्ही पार्श्वभूमीला एक जुनं चित्रपटगीत सुचवलंय. ते डोक्यातून काढून टाका. त्यासाठी गीत-संगीताच्या हक्कदारांची एक परवानगी आणि ध्वनिमुद्रणाच्या मालकाची दुसरी, अशा दोन लागतात, आणि त्यांची रक्कम तुमच्या सगळ्या व्हिडिओपेक्षा मोठी असू शकते. ‘इन्स्टाग्रामवर सगळेच लावतात’ हे खासगी खात्यांचं झालं. धंद्याच्या जाहिरातीवर असं गाणं लावलं तर आवाज बंद होतो किंवा व्हिडिओ उतरवला जातो, आणि वर नोटीस येऊ शकते. याला एक फार चांगला पर्याय तुमच्या गल्लीतच असेल. जात्यावरच्या पारंपरिक ओव्या कुणाच्या मालकीच्या नाहीत. आजी-मावश्यांपैकी ज्यांचा गळा अजून शाबूत आहे त्यांच्याकडून दोन ओव्या नीट ध्वनिमुद्रित करून घ्या. त्यांना पैसे द्या आणि त्यांचीही लेखी संमती घ्या. बाई आपली आहे, घरचीच आहे, म्हणून तिचं काम फुकट, हे मला मान्य नाही.

आता शेजारच्या मुलीचं. ताई, हा भाग मी तुम्हाला सोडून द्यायला सांगणार आहे. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये नियम आले. लहान मुलाला जाहिरातीत किंवा चित्रीकरणात घ्यायचं तर निर्मात्याला त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि मिळालेल्या रकमेतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत तिच्या नावे मुदत ठेवीत टाकायचे. शेजारची आहे, हौसेने येतेय, म्हणून लेकराच्या बाबतीत ही काळजी कमी करायची नसते. उन्हात, लाइटसमोर, नऊवारीत आठ वर्षांची पोर दुपारी तीनला रडायला लागली की वीस जणांचं युनिट तिच्याकडे घड्याळ लावून बघत बसतं. हे मी पाहिलेलं आहे आणि मला ते पुन्हा पाहायचं नाही. तुमची गोष्ट तिच्यावाचूनही उभी राहते.

बाकीच्या ओळी पटकन बघू. कॅमेरा आणि डीओपीचे ६२,०००, लाइट्सचे २८,०००. पैठणी हे कॅमेऱ्यासाठी अवघड कापड आहे, हे तुम्ही मोबाइलवर फोटो काढताना अनुभवलं असेलच. जरीचा धागा थेट उजेडात पांढराफटक दिसतो. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असला की पदर हलताच रंग बदलतो. चुकीच्या उजेडात वांगी रंग मरून दिसतो, आणि मग गिऱ्हाईक म्हणतं, व्हिडिओतली साडी ही नव्हेच. तुमच्या धंद्यात परत आलेली साडी हे खरं नुकसान आहे, म्हणून जाणता डीओपी आणि नंतरचं रंगांचं काम यावर पैसे वाचवू नका. एडिट, कलर आणि संगीताचे मिळून ३५,००० मला वाजवी वाटतात. फक्त त्यात फुकट दुरुस्त्या किती वेळा, ते लिहून घ्या. सहसा दोनदा असतात. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांची मतं मागवलीत तर त्या दोन संधी एका संध्याकाळीत संपतील. निर्णय तुम्ही एकटीने घ्या, विक्री तुम्ही बघता.

वाड्याचे ३०,००० मला खटकले, आणि वाईट एवढ्याचंच वाटलं की तुमच्या घरात तीन माग असताना कुणीतरी तुम्हाला नाशिकजवळचा भाड्याचा वाडा सुचवला. जुन्या वाड्यातली वायरिंग मोठ्या लाइट्सचा भार पेलत नाही, मग जनरेटर येतो, त्याचं डिझेल येतं, तो लांब उभा करायला माणूस येतो. लाइट्सच्या २८,००० मध्ये हाच जनरेटर लपलेला आहे. मागावर बसलेले सासरे, त्यांच्या बोटांतला धोटा, तिल्लीवरची जर, मोर विणताना मोजलेले धागे, हे कुठल्याच वाड्यात मिळणार नाही. मॉडेल कुणीही आणू शकतं. तो माग कुणी आणू शकत नाही.

दिग्दर्शन आणि पूर्वतयारीचे ४०,०००, मेकअप, केस आणि नेसवणं २६,०००, प्रवास, मुक्काम, जेवण २४,०००, आणि स्टुडिओची स्वतःची फी २५,०००. ही शेवटची ओळ बघून लोक चिडतात. पण पाऊस आला, मॉडेलला ताप आला, लेन्स फुटली, तर धावपळ करणारा माणूस या पैशात असतो.

यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ६१,२००. एकूण ४,०१,२००. तुमची जीएसटी नोंदणी नियमित असेल तर हा कर वळता, म्हणजे साड्यांवर भरायच्या करातून वजा, करून घेता येईल. पण तुमच्या साडीवर कर ५ टक्के आहे. दुसरं काहीच वळतं करायचं नाही असं धरलं तरी ६१,२०० वसूल व्हायला सव्वाबारा लाखांच्या आसपास विक्री लागते. रोख मात्र आज जाते. तुमच्या सीएंना हे विचारूनच पुढे जा.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी सुरुवातीला ‘करू नये’ म्हटलं. एका साडीमागे अडीच हजार. चार लाख रुपये भरून निघायला १६० साड्या जास्तीच्या विकल्या जायला हव्यात, म्हणजे रोजच्या विक्रीच्या वर. तुमच्या मोसमातल्या वेगाने ती पाच महिन्यांची विक्री झाली. पहिल्याच व्हिडिओने एवढं होईल असं कुणी सांगत असेल तर तो तुमचा पैसा पणाला लावतोय, स्वतःचा नाही. आणि तीन माग महिन्याला विणून विणून किती विणणार? मागणी आली आणि साडीच तयार नसली तर तुम्ही बाहेरून माल उचलाल, आणि ज्या घरच्या विणीवर तुमचं नाव उभं आहे तेच पातळ होईल.

मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. भाड्याची मॉडेल एकच, तरुण नातीच्या भूमिकेत. आई आणि आजीच्या जागी घरच्या बायका. सासूबाई तयार असतील तर त्याच, आणि कॅमेऱ्याकडे बघून काही बोलायचं नाही, नेहमीचं काम करायचं. साड्या पाच. जागा तुमचं घर आणि शेजारचं अंगण. मागावरचं चित्रीकरण वेगळ्या अर्ध्या दिवसात, फक्त दोन माणसांच्या युनिटने, कारण तिथे मेकअप नाही, मॉडेल नाही, घाई नाही. जनरेटर नको, एक मोठा लाइट आणि दोन रिफ्लेक्टर पुरतात. याच मुंबईच्या स्टुडिओला हे सांगितलंत तर मॉडेलचे ३५,००० वाचतात, वाड्याचे ३०,००० जातात, लाइट्स निम्म्याखाली येतात, माणसं कमी झाली म्हणून प्रवास-जेवण उतरतं, आणि आकडा अडीच लाखांच्या जवळपास यायला हवा. एक पैशाची घासाघीस न करता. कारण किंमत कमी होते ती तुम्ही काय मागता त्यात बदल केल्याने, स्पॉटदादाची मजुरी कापून नव्हे.

गल्लीतल्या आणखी एखाद्या विणकर घराशी बोलून सलग दोन दिवसांचं काम एकत्र दिलंत तर प्रवास आणि मुक्काम वाटून घेता येईल. मॉडेल मात्र वेगवेगळी घ्या, नाहीतर एकच चेहरा दोन दुकानांत दिसेल.

आणि नाशिकचा मुलगा? त्याला उडवून लावू नका. त्याचे ६५,००० हेच मुंबईचं काम स्वस्तात नाहीत, ते वेगळंच काम आहे. तुम्ही पाठवलेल्या त्याच्या मेसेजमध्ये मॉडेल ‘ओळखीची’ आहे, नेसवणारी नाही, संमतीपत्राचा उल्लेख नाही, संगीताचा नाही, उजेड खिडकीचा. पण तो घरापासून दोन तासांवर आहे आणि मागावरचा अर्धा दिवस त्याने छान केला असता असं मला त्याच्या जुन्या कामावरून वाटतं. त्याला सांगा की नेसवणारी, मेकअप आणि मॉडेलची लेखी संमती धरून पुन्हा आकडा दे. तो लाखाच्या पुढे जाईल. तरी तुमच्या धंद्याच्या आजच्या आकाराला तोच आकडा जास्त शोभेल, असं मला वाटतं.

मॉडेल कुठूनही आणा, तिच्यासाठी कडी लागणारी, आडोशाची स्वतंत्र खोली आणि स्वच्छ संडास हवा. चित्रीकरण संपल्यावर ती मुक्कामी किंवा घरी कशी पोचणार हे आधी ठरलेलं हवं. सोबत बहीण किंवा मैत्रीण आणायची असेल तर तिच्या जेवणा-प्रवासाचा खर्च धरा. हे मी विनंती म्हणून सांगत नाही. ज्या कोटेशनमध्ये यासाठी जागा नसते ते स्वस्त असलं तरी घेऊ नका.

कुणीतरी तुम्हाला एआयने मॉडेल बनवून द्यायचंही सुचवलंय. तुमच्या मालाला ते चालणार नाही. त्या चित्रातली नारळीची किनार आणि पदरावरचे मोर प्रत्यक्ष साडीत नसतात. जे विणलेलंच नाही ते दाखवून विकलं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ती दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते. २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या कापडाच्या विणकराने तरी त्या वाटेला जाऊ नये.

दोन्हीकडे एकच मजकूर पाठवा, म्हणजे उत्तरांची तुलना करता येईल : साड्या पाच, मॉडेल एक, जागा आमचं घर, एक दिवस अधिक मागावरचा अर्धा दिवस, मुख्य व्हिडिओ उभा. उभ्या चौकटीत साडी डोक्यापासून निऱ्यांपर्यंत पूर्ण दिसते. आडवा हवा असेल तर पदर पसरून दाखवण्यापुरते दोन-तीन शॉट्स वेगळे सांगा. वापर डिजिटल, एक वर्ष, जगभर, नूतनीकरणाचा दर आत्ता. मूळ चित्रीकरण आमच्याकडे. दुरुस्त्या दोन. शिफ्ट किती तासांची आणि पुढच्या तासाला किती. रद्द झालं तर कुणाचे किती पैसे जातील. पैसे तीन हप्त्यांत, शेवटचा हप्ता सगळ्या फाइल्स हातात पडल्यावर.

तारीख श्रावणातली धरा. ढगाळ उजेडात जरीचा धागा चमकून डोळ्यावर येत नाही, तुमच्या रंगांना तोच उजेड सगळ्यात चांगला. शिवाय गौरी-गणपती लागले की नाशिक-मुंबईकडची माणसं आपापल्या गावी जातात, आणि एडिटला तीन आठवडे तरी द्यावेच लागतात. व्हिडिओ घटस्थापनेच्या आधी लोकांसमोर यायला हवा.